जोड, कुलूप आणि खूण : धाराशिव जिल्ह्यातील ट्रेलरच्या रक्षणाचा विचार

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या दुसऱ्या कलमात 'मोटार वाहन' या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तीत ट्रेलरचा स्पष्ट शब्दांत समावेश केलेला आढळतो. ज्याला मोटार नाही ते मोटार वाहन, ही गोष्ट तर्काला किंचित खटकते. तथापि कायद्याचा हेतू व्यावहारिक आहे. ट्रेलर रस्त्यावर धावतो, भार वाहतो, अपघात करू शकतो. तेव्हा त्याची नोंदणी झाली पाहिजे, एवढेच कायद्याला अभिप्रेत आहे. अडचण निराळीच आहे. मोटारीचे रक्षण ज्या साधनांनी होते, म्हणजे दार, चावी, इंजिन, त्यांपैकी एकही ट्रेलरपाशी नसते. नावाने तो वाहन आहे, परंतु चोराच्या दृष्टीने तो केवळ चाके लावलेला माल होय.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः उसाच्या निमित्ताने उभा राहतो. बालाघाटाच्या या अवर्षणप्रवण पठारावर तेरणा आणि मांजरा यांच्या काठाने व धरणांच्या लाभक्षेत्रात ऊस होतो, आणि ढोकी, रांजणी या परिसरांतील साखर कारखान्यांकडे तो एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर जोडून नेला जातो. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यानंतर ट्रॅक्टर नांगरटीला, पेरणीला जुंपला जातो. ट्रेलर मात्र घरामागे, बांधाला किंवा रस्त्याच्या कडेला सहा-सात महिने उभा राहतो. त्याच्याकडे रोज कोणाचे लक्ष जात नाही, त्यामुळे तो नाहीसा झाल्याचेही तत्काळ ध्यानात येत नाही. बहुधा तो कर्जाने घेतलेला असतो. ट्रेलर गेला तरी हप्ते जात नाहीत, आणि पुढच्या हंगामातील वाहतुकीचे उत्पन्न, ज्यातून ते फेडावयाचे, तेच बुडते.

कागदोपत्री ज्याला 'ट्रेलर' म्हणतात, त्याला बोलीत 'टेलर' किंवा 'ट्रॉली' म्हणतात. 'ट्रॅक्टर'चा 'टॅक्टर' होतो त्याच प्रवृत्तीने आद्य जोडाक्षरातील रकार येथेही गळतो, आणि तालुक्याच्या बाजारात कपडे शिवणारा टेलर व ऊस वाहणारा टेलर हे एकाच उच्चाराने सुखाने नांदतात. 'ट्रॉली' या शब्दाची व्याप्ती तर फारच सैल आहे. शेणखत वाहणारी दुचाकी, मागे कलती होणारी ट्रॉली आणि उसाचा चारचाकी ट्रेलर ही दोन्ही त्यात येतात. बोलण्यात या सैलपणाने काही बिघडत नाही. पोलीस ठाण्यातील फिर्यादीत तो कसा बाधतो, हे पुढे दिसेल.

ट्रेलर इतक्या सहजतेने का नेता येतो, याचे उत्तर त्याच्या जोडात आहे. ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला लोखंडी कडे असते. ते ट्रॅक्टरच्या मागील हुकात धरून वरून पिन सोडली की जोड पुरा झाला. ट्रॅक्टर कोणत्याही बनावटीचा असो, ट्रेलर कोणत्याही गावच्या कारखानदाराने बांधलेला असो, कडे आणि पिन यांचा मेळ बसतो. ही एकरूपता शेतकऱ्याच्या सोयीची आहे. इर्जिक आणि सावड या शब्दांनी ज्या परस्परसाहाय्याची ओळख मराठी शेतकऱ्याला आहे, त्याचेच आजचे रूप म्हणजे शेजाऱ्याचा ट्रेलर मागून आणणे. परंतु जो जोड शेजाऱ्याला नकार देत नाही, तो चोरालाही देत नाही. ट्रेलरच्या असुरक्षिततेचे मूळ मालकाच्या निष्काळजीपणात शोधण्यापेक्षा या उदार जोडात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

बैलगाडीची गोष्ट वेगळी होती. गाडी अंगणात असली तरी बैल गोठ्यात असत. जू सोडून घरात ठेवले की गाडी जवळजवळ निरुपयोगी होई. चोराने आपले बैल आणून ती जुंपलीच, तरी ती माणसाच्या चालीने जाणार आणि मातीत चाकोरी उमटवीत जाणार. 'चाकोरी' हा शब्द आज ठराविक मार्ग या लाक्षणिक अर्थानेच अधिक ऐकू येतो. त्याचा मूळ अर्थ चाकाने पाडलेली खाच असा आहे. गावचा जागल्या ही खाच पाहत चोरीचा माग काढी, आणि माग ज्या गावच्या शिवेत नेऊन पोचवला, त्या गावावर पुढील शोधाची जबाबदारी पडे. 'मागमूस लागत नाही' या वाक्प्रचारातील माग हाच. डांबरी रस्त्यावर रबरी टायर माग ठेवीत नाही. रात्री जोडलेला ट्रेलर उजाडण्यापूर्वी सोलापूर, लातूर किंवा बीड जिल्ह्यात, अथवा उमरग्याच्या बाजूने कर्नाटकात गेलेला असतो.

पाश्चात्य देशांत हाच प्रश्न होडी वाहणाऱ्या ट्रेलरच्या रूपाने उभा राहिलेला आहे. हौशी लोक आपली होडी मोटारीमागे ट्रेलरवर घालून पाण्याकाठी नेतात आणि हिवाळाभर ती घराबाहेर उभी करून ठेवतात. मोसमाबाहेर बेवारशासारखे पडून राहणे, हे तिचे आणि उसाच्या ट्रेलरचे साम्य लक्षणीय आहे. तेथे रूढ झालेल्या उपायांचे तत्त्व सरळ आहे : जोड बंद करा, चाक बंद करा, वाट बंद करा. जोडाच्या खोबणीत कुलपाचा ठोकळा बसवितात, चाकाला लोखंडी चिमटा घालतात, जमिनीत काँक्रीटने पक्क्या केलेल्या कड्याला साखळी बांधतात, आणि दांडीचे तोंड भिंतीकडे करून ट्रेलर उभा करतात.

यांपैकी बहुतेक उपाय येथे अल्प खर्चात योजता येतात. कड्यातून जाड साखळी ओवून ती मागच्या चाकाच्या तबकडीतून घ्यावी व कुलूप लावावे. नुसत्या कड्यातील कुलूप दांडी दोराने बांधून ओढणाऱ्याला अडवीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. हंगाम संपल्यावर आस दगडांवर चढवून एक-दोन चाके काढून घरात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. त्यात टायरवरील भारही उतरतो. दोन ट्रेलर असतील तर ते एकामागे एक, पहिल्याची दांडी भिंतीला लागेल असे लावावेत. सर्वजण ट्रॅक्टरची चावी उशाशी घेऊन निजतात आणि ट्रेलर मोकळा सोडतात, हा प्रकार दरवाजा उघडा आणि मोरीला बोळा, असाच होय. स्थान कळविणारे विद्युत्-यंत्रही बसविता येते. मात्र ट्रेलरला स्वतःची बॅटरी नसल्याने त्या यंत्राला वेगळा विद्युत्संचय लागतो, आणि तो भरण्याचे विस्मरण झाले की यंत्र मुके होते. कोणतेही कुलूप अभेद्य नाही. वायूच्या ज्योतीपुढे साखळी टिकत नाही; पण ज्योत दिसते, घाव ऐकू येतो, आणि वेळ जातो. गावात एवढेही पुष्कळ असते.

बंद करण्याची ही साधने मराठीत चहूकडून आलेली आहेत. 'खीळ' संस्कृत 'कील' यापासून, 'साखळी' 'शृंखला' यापासून आणि 'आगळ' 'अर्गला' यापासून. 'कुलूप' मूळ अरबी 'कुफ्ल'. त्यात फकार व लकार यांचा वर्णविपर्यय झाला आणि फकाराचा पकार झाला. झाकणबंद भांड्यात गोठविली जाणारी 'कुल्फी' त्याच घराण्यातील. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली, 'पिन' इंग्रजीतून. रक्षणाची प्रत्येक नवी युक्ती आपले नाव घेऊनच भाषेत उतरते. ट्रेलरच्या जोडासाठी मात्र मराठीने अद्याप 'हूक' आणि 'कडे' यांवरच भागविले आहे.

चोरी केव्हा पुरी होते, याविषयी भारतीय दंड संहितेच्या ३७८व्या कलमात एक मार्मिक स्पष्टीकरण होते, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमात ते कायम राहिले आहे. एखादी वस्तू हलू नये म्हणून असलेला अडथळा दूर करणे, किंवा ती दुसऱ्या वस्तूपासून विलग करणे, हेही ती वस्तू 'हलविणे'च होय. म्हणजे अप्रामाणिक हेतूने साखळी तोडणाऱ्याला ट्रेलर वीतभरही सरकला नाही, असा बचाव सहजी घेता येत नाही. 'हलविणे' या क्रियापदाचा एवढा सूक्ष्म विचार व्याकरणग्रंथांतही क्वचितच आढळेल.

परंतु सापडलेला ट्रेलर आपलाच, हे सिद्ध करणे अधिक कठीण असते. रंग बदलला, फळ्या बदलल्या की दोन ट्रेलरांत भेद उरत नाही. येथे वर्णनाला कुलपाइतकेच मोल येते. 'लाल रंगाची ट्रॉली' असे फिर्यादीत लिहिणारा मालक जवळजवळ काहीच सांगत नाही. चाके किती, दांडीची लांबी किती, कोणत्या जागी जोडकाम पुन्हा केले आहे, नोंदणी क्रमांक व चेसिस क्रमांक कोणते, हे त्याने लिहावयास हवे. चेसिस क्रमांकावर कागद धरून शिसपेन्सिलीने घासले की त्याचा ठसा उमटतो. तो आणि चहूबाजूंची छायाचित्रे नोंदणीच्या कागदांसोबत ठेवावीत. शिवाय आसाच्या वरच्या अंगाला, सहज न दिसणाऱ्या ठिकाणी, वेल्डिंगच्या ठिपक्यांनी आपली एखादी खूण करून ठेवावी आणि तिची जागा लिहून ठेवावी.

जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या नोंदणीपुस्तकांवर पहिले नाव आहे, नव्यांवर दुसरे. 'एमएच-२५' हा संकेत मात्र दोहोंत एकच राहिला आहे. त्यामुळे फिर्यादीत जिल्ह्याच्या नावापेक्षा संकेतासह संपूर्ण क्रमांक लिहिणे श्रेयस्कर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, फिर्याद जवळच्या ठाण्यात नोंदविता येते. चोरी झाली शिवेच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद फिर्यादीला आता थोपवीत नाही. मात्र शिवेपलीकडे कन्नड मुलखात जी एकच गोष्ट भाषांतरावाचून वाचली जाते, ती लोखंडावर कोरलेल्या अंकांची ओळ होय.