वकिलातीचा दरवाजा आमच्यासाठीही आहे

भारताचा पासपोर्ट उघडला की आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली दिसते. या पासपोर्टधारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे आणि त्याला गरज पडेल ती मदत व संरक्षण द्यावे, असा तिचा आशय. ही विनंती उद्योगपतीच्या पासपोर्टवर आहे आणि जालन्याच्या एखाद्या वस्तीतून आखातात गेलेल्या गवंड्याच्या पासपोर्टवरही आहे. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. कागदावरची ही समता परदेशात प्रत्यक्षात उतरवण्याचे काम ज्या कचेरीकडे आहे, तिला आपण वकिलात किंवा वाणिज्य दूतावास म्हणतो. या कचेरीविषयी आमच्या समाजात कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, अशी म्हण आमच्याकडे जुनी आहे. बियाण्यांच्या कंपन्या इथे आहेत, लोखंडी सळईचे कारखाने आहेत, मोसंबीच्या बागा आहेत. पण अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतला भूमिहीन माणूस दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, हेही तितकेच खरे आहे. त्याच माणसाचा मुलगा आता वेल्डिंग शिकतो, ड्रायव्हरचे लायसन काढतो, आणि एजंटच्या नादाने दुबई, कुवेत, सौदीची स्वप्ने पाहतो. कोणी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जातो. कोणी लुंबिनीला, श्रीलंकेला, थायलंडला दर्शनाला जातो. म्हणजे परदेश हा आता फक्त बंगल्यात राहणाऱ्यांचा विषय उरलेला नाही. तो आमच्या वस्तीचाही विषय झाला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. परदेशी जाणे ही सरकारची मेहेरबानी नाही. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, परदेश प्रवासाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय सरकार पासपोर्ट नाकारू शकत नाही. त्यानंतर त्याच वर्षी संसदेला पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने हा विचार आणखी पुढे नेला. बाबासाहेबांनी दिलेल्या घटनेतील एका छोट्या कलमाचा हा प्रताप आहे.

याच पासपोर्ट कायद्याचे कलम १७ प्रत्येक कामगाराने पाठ करावे असे आहे. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, असे ते कलम सांगते. मग आखातात विमानतळावरून उतरताच मालक कामगाराचा पासपोर्ट काढून कपाटात ठेवतो, तो कोणत्या अधिकाराने? ती मालकाची वस्तू नाही. कामगाराला तो परत मिळत नसेल तर वकिलातीकडे तक्रार करता येते, आणि मायदेशी येण्यासाठी वकिलात त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकते. तिथला देश बाहेर जाण्याची परवानगी देईल की नाही हा प्रश्न उरतोच, पण पहिले पाऊल हेच आहे.

आता अटकेचा प्रश्न. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ असे आहे की, परक्या देशात एखाद्याला अटक झाली तर त्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क आहे हे त्याला विनाविलंब सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलातीच्या अधिकाऱ्याला तुरुंगात जाऊन त्याला भेटता येते, त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करता येते. महाराष्ट्राच्या कुलभूषण जाधव यांचा खटला सर्वांनी टीव्हीवर पाहिला. २०१७ साली पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो मुख्यतः या एका कलमाच्या जोरावर. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला, की पाकिस्तानने कलम ३६ मोडले आहे आणि शिक्षेचा फेरविचार केला पाहिजे. न्यायालयाने सुटकेचा हुकूम दिला नाही. पण आपल्या देशाच्या अधिकाऱ्याला भेटू न देणे हा केवढा मोठा अन्याय आहे, हे त्या निकालाने साऱ्या जगाला सांगितले.

जो हक्क जाधव यांच्यासाठी हेगपर्यंत भांडला गेला, तोच हक्क रियाधच्या कोठडीत बसलेल्या मंठ्याच्या ड्रायव्हरलाही आहे. फरक एवढाच की वकिलातीला कळवायचे ते अटक झालेल्याने मागणी केल्यावर. ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा? अरबीत लिहिलेल्या कागदावर अंगठा देऊन तो मोकळा होतो, आणि पुढे वर्षानुवर्षे अडकतो. न मागितलेला हक्क हा कायद्याच्या पुस्तकातच राहतो, हा अनुभव आम्हाला गावच्या पाणवठ्यापासून आहे. परदेशात तो बदलत नाही.

आणखी एक गोष्ट समाजाने समजून घेतली पाहिजे. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो. आखाती देश, मलेशिया वगैरे १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी अशा माणसाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. लोकांना वाटते हा अडथळा आहे. पण तेच त्याचे चिलखत आहे. ही परवानगी घेताना कामाचा करार नोंदवला जातो, पगार ठरतो आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची होते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाखांचे संरक्षण. एजंट काय करतो? ही सगळी कटकट नको म्हणून व्हिजिट व्हिसावर माणूस पाठवतो. करार नाही, नोंद नाही, विमा नाही. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा जास्त घेता येत नाही, असा नियम आहे. शेत किंवा दागिने गहाण ठेवून लाखभर रुपये मोजणाऱ्या आमच्या माणसाला हे कोणी सांगितले होते काय? शाळेतून गळालेली मुले कोणाची असतात हे वेगळे सांगायला नको. म्हणजे ईसीआरचा शिक्का बहुतेक वेळा आमच्याच पासपोर्टवर बसतो, आणि चिलखत टाकून लढायलाही आम्हीच जातो.

१२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने परत आणावे लागले. देश हळहळला. पण एकटा-दुकटा कामगार मरतो तेव्हा विमान जात नाही. तेव्हा घरच्यांना संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र पाठवावे लागते. वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते, ना हरकत देते, आणि मग पेटी येते. मालकाने खर्च उचलला नाही तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होऊ शकते. हा निधी २००९ साली सुरू झाला. पासपोर्ट किंवा इतर कामासाठी वकिलातीत गेलेल्या प्रत्येकाकडून थोडी थोडी रक्कम घेऊन तो भरतो. म्हणजे तो दानधर्म नाही. तो कष्टकऱ्यांच्याच खिशातला पैसा आहे, आणि तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

त्यानंतर नुकसानभरपाई. परदेशातून मंजूर झालेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत वारसांपर्यंत पोहोचवली जाते. इथे आमच्या समाजाचे खरे दुखणे सुरू होते. विहारात लग्न झाले, भन्तेजींनी किंवा बौद्धाचार्यांनी विधी केला, फोटो काढले, पण लग्नाची नोंद केली नाही. आता विधवा बाईने ती त्याची बायको आहे हे सिद्ध करायचे कसे? नवऱ्याच्या दाखल्यावर जुने आडनाव, आधारवर नवे आडनाव, पासपोर्टवर एजंटने टाकलेले तिसरेच स्पेलिंग. जुनी अपमानकारक नावे आम्ही टाकली ते योग्यच केले, पण राजपत्रात बदल छापून घेतला नाही. मग वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि दरम्यान सासर-माहेर दोन्हीकडून बाईला बोलणी. परक्या देशातला पैसा येऊनही जिल्ह्याच्या ठिकाणी अडून राहतो तो अशा कागदांपायी.

विद्यार्थ्यांचेही असेच आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ मुलामुलींची दरवर्षी निवड होते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत, आणि तिचा निर्वाहभत्ता तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत दिला जातो. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यासाठी वकिलात ही फक्त संकटकाळची कचेरी नाही. महिन्याचे घरभाडे आणि जेवण तिच्या टेबलावरच्या फायलीवर अवलंबून असते. बापाच्या खात्यावर शिल्लक असलेला विद्यार्थी थांबू शकतो, शेतमजुराचा मुलगा थांबू शकत नाही. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा ऑपरेशन गंगामधून हजारो विद्यार्थी परत आले. त्यात मराठवाड्याचीही मुले होती. कोण कुठल्या शहरात आहे याची नोंद वकिलातीकडे असणे किती मोलाचे असते, हे तेव्हा सर्वांना कळले.

आता एक अवघड प्रश्न आम्ही विचारणार आहोत. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातील उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामाला ठेवलेल्या बाईच्या व्हिसासाठी वेतनाची खोटी माहिती दिली, असा आरोप होता. त्यांची ज्या पद्धतीने अंगझडती घेतली गेली तिचा निषेध देशभर झाला आणि तो रास्तच होता. भारत सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या. आरोप खरा की खोटा यात आम्ही जात नाही. पण ती घरकाम करणारी बाईही भारताचीच नागरिक होती. तिने कुठल्या दारात जायचे होते? अधिकारी आपल्या समाजाची असली म्हणून मोलकरणीचा प्रश्न आम्ही विसरलो, तर प्रस्थापितांत आणि आमच्यात फरक काय राहिला? वकिलातीची खरी परीक्षा सर्वांत दुबळा नागरिक दारात आला म्हणजेच होते.

आणि इथेच कायद्याची मोठी उणीव आहे. व्हिएन्ना करार देशादेशांना बांधतो. पण भारतीय नागरिकाने मदत मागितली आणि वकिलातीने दिली नाही, तर अमुक दिवसांत द्यावीच लागेल असा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. कल्याण निधीसुद्धा पात्र वाटेल त्याला, परिस्थिती पाहून दिला जातो. १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा केंद्राने २०२५ साली हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. अशा वेळी कामगारांच्या बाजूने किती निवेदने जातात? आरक्षणासाठी, नामांतरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आमच्या संघटनांनी हा विषयही हाती घेतला पाहिजे. मदत ही मर्जी नको, मुदतीसह हक्क हवा, आणि नकार दिला तर लेखी कारण हवे, एवढी साधी मागणी आहे.

तोपर्यंत हात बांधून बसायचे काय? नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. गावातून कोण परदेशी गेला, कोणत्या देशात, कोणत्या मालकाकडे, पासपोर्ट नंबर काय, घरी निरोप कोणाला द्यायचा, हे तिच्यात लिहा. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवा. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट यंत्रणेत तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तिकडे पोहोचताच वकिलातीत नाव नोंदवा. तक्रार असेल तर २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही ऑनलाइन सोय आहे, ती घरून जालन्यातूनही करता येते. मुंबईच्या विदेश भवनात जाण्यासाठी देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर उभे राहून प्रवास करण्याआधी तेवढे करून पाहा. परदेशातून जमिनीचे मुखत्यारपत्र येणार असेल तर ते वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा, नाहीतर सातबारा भाऊबंदकीत अडकेल. आणि विहारातले लग्न संपले की नवरा-नवरीला घरी पाठवण्याआधी नोंदणीचा अर्ज भरून घ्या.

या कामाला मोठा निधी लागत नाही, पुढाऱ्याची तारीख लागत नाही. एक शिकलेला तरुण, एक वही आणि आठवड्यातला एक तास पुरतो. आमचा माणूस समुद्रापार गेला तरी नागरिकच राहतो. त्याचा हक्क काय आहे हे विमानतळावर त्याला कोणी सांगणार नाही. ते त्याला निघण्यापूर्वी आपल्या वस्तीतच कळले पाहिजे.