कोळसा खाणीची तपासणी: काय पाहतात?

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. पर्यावरण मंजुरीच्या अटी तिथे पाळल्या जातात का, हे तपासणारा अधिकारी आधी खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांकडे वळतो. वरची सुपीक माती वेगळी साठवली आहे का? ढिगाऱ्याचा उतार मंजुरीतल्या मर्यादेत आहे का? पायथ्याशी संरक्षक भिंत आणि सभोवती चर आहे का? चर गाळाने भरला असेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात माती नाल्यात आणि शेतात उतरते.

मग खाणीतून उपसलेल्या पाण्याचे नमुने घेतात. त्याचा सामू 5.5 ते 9 दरम्यान असावा लागतो. नाल्यात सोडताना तरंगता गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्यानंतर वृक्षलागवड: लावलेली झाडे मोजून भागत नाही, जगलेली मोजावी लागतात. खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी कंपनीला एस्क्रो (याच कामासाठी राखून ठेवलेल्या) खात्यात दरवर्षी पैसे भरावे लागतात. त्याचाही हिशेब पाहतात.

पर्यावरण मंजुरीबाबतच्या 2006च्या अधिसूचनेनुसार कंपनीकडून 1 जून आणि 1 डिसेंबरला सादर होणारा, अटी पाळल्याचा अनुपालन अहवाल सार्वजनिक असतो. खाणीशेजारच्या गावकऱ्यांनी तो मागून घ्यावा, ग्रामसभेत वाचावा आणि शिवारात जाऊन पडताळावा.