हळद, प्रकाश आणि जिवाणू : वनस्पतिज रंगद्रव्यांच्या प्रकाशसंवेदी जिवाणुनाशक क्रियेचा परिचय

प्रस्तावना

सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांचे विद्यार्थी-प्रकल्प चाळले, तर 'अमुक वनस्पतीच्या अर्काचा जिवाणुरोधक परिणाम' हा विषय हमखास आढळतो. त्यात हळद अग्रभागी असावी, हे स्वाभाविकच आहे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रज येथे हळदीवर संशोधन करणारे केंद्र आहे. अशा प्रकल्पांत अर्काची तीव्रता, द्रावक, तापमान, उबवणीचा काळ या साऱ्यांची नोंद असते. मात्र प्रयोग चालू असताना तबकडीवर प्रकाश पडत होता काय, पडत असल्यास कोणता व किती, याची नोंद क्वचितच आढळते. हळदीच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकाश, रंगद्रव्य व प्राणवायू

या विषयाचा आरंभही प्रकाशाची नोंद न ठेवल्यामुळे पडलेल्या कोड्यातूनच झाला. म्युनिक येथे हेर्मान फॉन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी अॅक्रिडिन या रंगाचा पॅरामेशियमवर होणारा परिणाम अभ्यासत होता. तीव्रता तीच असूनही हे एकपेशीय जीव कधी लवकर मरत, तर कधी बराच काळ जगत. फरक दिवसाच्या उजेडाचा होता, हे त्याने ताडले व १९०० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे टापाइनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्रियेस प्राणवायूही लागतो असे दाखवून तिला 'फोटोडायनॅमिक' हे नाव दिले.

क्रियेचे स्वरूप थोडक्यात असे. रंगद्रव्याचा रेणू योग्य तरंगलांबीचा प्रकाश शोषून उत्तेजित होतो. त्यातील काही रेणू तुलनेने दीर्घायुषी अशा 'ट्रिप्लेट' अवस्थेत जातात आणि तेथून दोन वाटा फुटतात. एका वाटेने इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होऊन मुक्त मूलके व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. दुसऱ्या वाटेने ऊर्जा थेट प्राणवायूस मिळून 'सिंग्लेट ऑक्सिजन' निर्माण होतो. पाण्यात त्याचे आयुष्य अवघे काही मायक्रोसेकंद असते. तेवढ्यात तो मिलिमीटरच्या एका लहानशा अंशापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणूनच रंगद्रव्य जिवाणूच्या पटलाला चिकटले आहे की नुसते भोवतालच्या द्रावणात तरंगत आहे, यावर बरेच काही अवलंबून राहते.

या क्रियेचे आकर्षण असे की, प्रतिजैविके सहसा एखाद्या विशिष्ट विकरावर वा रचनेवर नेम धरतात, तर येथे मेद, प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले यांवर एकाच वेळी आघात होतो. त्यामुळे प्रतिकारक्षमता निर्माण होणे जिवाणूस कठीण जाते. अशक्य आहे असे मात्र म्हणू नये. प्रतिजैविकांस न जुमानणाऱ्या जिवाणुसंसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ही संख्या पाहता कोणताही पर्यायी मार्ग तपासून पाहण्याजोगा ठरतो.

हळदीचा पिवळा रंग

हळकुंडातील पिवळेपणा मुख्यत्वे कर्क्युमिन व त्याच्या भावंड-संयुगांमुळे येतो. वाळलेल्या हळदीत त्यांचे एकत्रित प्रमाण जात, जमीन व प्रक्रिया यांनुसार साधारणपणे २ ते ५ टक्के आढळते. अल्कोहोलमधील कर्क्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटरला, म्हणजे जांभळ्या-निळ्या प्रकाशात, सर्वाधिक शोषण करते. प्रकाशात कर्क्युमिन जिवाणूंना अधिक मारक ठरते, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर निळे एलईडी दिवे स्वस्त झाल्यावर या संशोधनास गती आली. ब्राझीलमध्ये तोंडातील बुरशी व दंतसंसर्ग यांवर त्याचे बरेच काम झाले आहे.

या रेणूचा स्वभाव समजण्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि कपडा उन्हात वाळत घातला की फिका पडतो. पहिला बदल सामू वाढल्यामुळे होतो. दुसरा प्रकाशामुळे कर्क्युमिनचा रेणूच मोडल्यामुळे. तटस्थ किंवा किंचित अल्कधर्मी जलीय द्रावणात कर्क्युमिन अंधारातही टिकत नाही. शरीराच्या तापमानास अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. तेव्हा सकाळी तयार केलेले द्रावण दुपारी वापरणारा विद्यार्थी प्रत्यक्षात कशाची चाचणी घेत असतो, हा प्रश्नच आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवीत असत. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवांची हानी झाली. अंधार व कोंडलेली हवा यांमुळे हळद टिकते, हे अनुभवाने जाणणाऱ्यांना प्रकाशरसायनाची परिभाषा ठाऊक असण्याची गरज नव्हती.

येथे एका प्रसिद्ध प्रकरणाचा उल्लेख अस्थानी होणार नाही. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे १९९५ मध्ये दिलेले अमेरिकी पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. आपल्या पूर्वापार ज्ञानाचा तो रास्त विजय होता. परंतु त्याच विजयाच्या बळावर 'निळ्या प्रकाशातील हळद' हेही आपल्याला आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह टाळावा. जखमेवर हळद दाबणाऱ्या आजीने प्रकाशाची मात्रा मोजली नव्हती. हा दावा प्रयोगानेच सिद्ध करावा लागेल.

चाचणी कशी असावी

आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी चकती-विसरण पद्धत या कामास गैरलागू आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते आगरमध्ये नीट पसरत नाही. लहान वर्तुळ दिसले म्हणून ते निष्प्रभ ठरविणे अन्यायाचे होते. उलट कच्च्या अर्कात हळदीचे तेलही असते व मिळालेल्या वर्तुळाचे श्रेय भलत्याच घटकास जाते. त्याऐवजी जिवाणूंचे द्रावण ठराविक काळ रंगद्रव्यासह अंधारात ठेवावे, मग प्रकाश द्यावा आणि जिवंत वसाहती मोजाव्यात.

किमान चार गट हवेत : रंगद्रव्य व प्रकाश दोन्ही, केवळ रंगद्रव्य, अंधारात, केवळ प्रकाश, आणि दोन्हींविना. 'केवळ प्रकाश' हा गट अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु काही जिवाणूंत स्वतःचीच पॉर्फिरिन द्रव्ये असतात व सुमारे ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश एकटाच त्यांना मारू शकतो. द्रावकासाठी, म्हणजे इथेनॉल किंवा डीएमएसओसाठी, आणखी एक गट ठेवावा. प्रकाशाची मात्रा 'दहा मिनिटे दिवा लावला' अशी न लिहिता ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात द्यावी. उदाहरणार्थ, २० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर इतकी तीव्रता ३०० सेकंद दिल्यास ६ ज्यूल होतात. निकाल देतानाही सावधगिरी हवी. दहा लाखांपैकी ९० टक्के जिवाणू मेले तरी एक लाख उरतात. ९९.९ टक्के घट, म्हणजे तीन लॉग, याहून कमी परिणामास 'जिवाणुनाशक' हा शब्द वापरू नये.

स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे ग्रॅम-धन जिवाणू या क्रियेस सहज बळी पडतात, ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाह्य पटल रंगद्रव्यास अडवून धरते. त्यामुळे एकाच जातीवरील निकालावरून 'हळद जिवाणूंचा नाश करते' असे सरसकट विधान करता येत नाही.

इतर रंगद्रव्ये

पालकापासून मिळणाऱ्या हरितद्रव्याचे पाण्यात विरघळणारे रूप, क्लोरोफिलिन, हेही या कामी येते. मात्र बाजारात मिळणारा स्थिर हिरवा रंग बहुधा तांबेयुक्त असतो. तांब्यामुळे उत्तेजित अवस्थेचे आयुष्य घटते व रेणू प्रकाशसंवेदक म्हणून दुबळा होतो. बाटलीवरील लेबल वाचल्याशिवाय प्रयोगास हात घालू नये. हरितद्रव्याच्या वर्गातील संवेदकांचा लाभ असा की ते तांबडा प्रकाशही शोषतात आणि तांबडा प्रकाश ऊतींत निळ्यापेक्षा अधिक खोल जातो. दारुहळदीतील बर्बेरिन हा आणखी एक पिवळा उमेदवार. बावचीतील सोरालेन मात्र निराळ्या वर्गात मोडते : ते अतिनील किरणांत प्राणवायूवाचूनही डीएनएशी जोडले जाते, म्हणून त्यास फोटोडायनॅमिक म्हणणे चुकीचे आहे. झेंडूच्या मुळांतील टर्थायेनिल हेही अतिनील प्रकाशात विषारी ठरते व त्याचा सूत्रकृमींवरील परिणाम सुपरिचित आहे. दसऱ्यासाठी झेंडू पिकविणाऱ्या आपल्या भागात त्याच्या टाकाऊ मुळांकडे रसायनशास्त्राच्या दृष्टीने कोणी पाहावे, असे वाटते.

निळा प्रकाश त्वचेत जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतो. त्यामुळे कर्क्युमिनचा उपयोग पृष्ठभागापुरताच संभवतो : उथळ जखमा, तोंडाचे अस्तर, फळांची साल, भांडी व पाणी. यांपैकी फळे व भांडी यांवरचे काम महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहे, कारण त्यास रुग्ण लागत नाहीत व नैतिक समितीची अनुमतीही लागत नाही. निळ्या एलईडींची पट्टी आणि काळ्या कागदाने आतून मढविलेले खोके यांस फार खर्च येत नाही. खर्च येतो तो प्रकाशतीव्रता मोजणाऱ्या मापकास. तो एखाद्या विभागाने घेऊन शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी आळीपाळीने वापरण्यास हरकत नसावी.