अंकुराची वाढ

चित्रपट निर्माण करणाऱ्यास कल्पना आणि कौशल्य लागते. त्याबरोबर द्रव्यही लागते. ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी नसते, अशा स्वतंत्र निर्मात्यास हे द्रव्य स्वतःच उभे करावे लागते. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांच्यापुढे हीच अडचण होती.

दादासाहेबांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या कला त्यांना अवगत होत्या. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देशातील कथा पडद्यावर आणण्याचा निश्चय केला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि तेथे चित्रपटविद्येची माहिती मिळवून व कॅमेरा खरेदी करून परतले. साधने आली, पण पैसा सरला. या नव्या धंद्यात पैसा गुंतविण्यास धनिक कचरत होते.

तेव्हा दादासाहेबांनी प्रत्यक्ष प्रमाणच दाखविण्याचे ठरविले. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक अंतराने वाढत्या रोपाचे एकेक चित्र घेतले. महिन्याहून अधिक काळ हे काम चालले. त्या काळी पडद्यावर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे दाखवीत. समजा, तासाला एक चित्र घेतले, तर सोळा तासांची वाढ एका सेकंदात दिसेल! एरवी डोळ्यांना न जाणवणारी ही वाढ पडद्यावर भराभर होताना दिसली. 'अंकुराची वाढ' हा लघुपट म्हणजे एक माहितीपटच होय.

तो पाहून धनिकांची खात्री पटली व कर्जाचा मार्ग मोकळा झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही गहाण ठेवण्यास दिले. फिल्मला छिद्रे पाडणे आणि सर्व कलावंतांचा स्वयंपाक करणे ही कामेही त्या करीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' सर्वांसाठी प्रदर्शित झाला.

पुढे चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा लघुपटही दादासाहेबांनी काढला. १९१८ साली भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. आता पैसा होता. परंतु निर्णय एकट्याचा राहिला नाही. मतभेद होऊन दादासाहेब काही काळ कंपनीतून बाहेर पडले. द्रव्य मिळवावे आणि स्वातंत्र्यही राखावे, ही स्वतंत्र निर्मात्याची कसोटी आजही तितकीच कठीण आहे.