चौकट : रेषेआधी नजर

यथादर्शन : जवळचे मोठे, दूरचे लहान दिसणे कागदावर उतरवण्याची रीत. तिचे नियम इटलीत १५ व्या शतकात मांडले गेले. ते मांडणारा इटालियन विद्वान अल्बर्ती याचा ग्रंथ १४३५ चा. क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी.

लंबवर्तुळ : डिझाइनच्या विद्यार्थ्याची पहिली खरी कसोटी. स्टीलचा पेला टेबलावर ठेवा. वरची कड अरुंद लंबवर्तुळ दिसते, तळाची त्याहून फुगीर. कारण तळ डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असतो. पेला उचलून कड डोळ्यांसमोर आणली, की ती नुसती आडवी रेषा होते. नवशिके तळ हमखास सपाट काढतात.

पेन्सिल : ‘एच’ कठीण व फिकट, ‘बी’ मऊ व गडद. आकडा वाढतो तसा गुण वाढतो. कच्च्या रेषेला एचबी, गडद छटेला ६बी.

वस्तुचित्र आणि संकल्पचित्र : पहिले समोरची वस्तू पाहून, दुसरे कल्पनेतून रचलेले. महाराष्ट्रातील एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांमुळे हे शब्द शाळेतच ओळखीचे होतात.

संस्था : सर ज. जी. कलाशाळा, मुंबई (१८५७). राष्ट्रीय डिझाइन संस्था, अहमदाबाद (१९६१).