आयोडीनचा दुबळेपणाच कामाचा

निफाड तालुक्यातल्या विंचूरला एमआयडीसीचे वाईन पार्क आहे. द्राक्षाची वाईन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडू नये म्हणून तिच्यात किंचित सल्फर डायऑक्साइड घालतात. तो किती उरलाय, हे मोजण्याची वाईन उद्योगातली जुनी रीत म्हणजे रिपर पद्धत.

शंकूपात्रात मोजून वाईन घ्यायची, थोडे आम्ल आणि स्टार्चचे द्रावण घालायचे आणि ब्युरेटमधून आयोडीन थेंबथेंब सोडायचे. थेंब पडतो तिथे निळी छटा उमटते आणि हलवताच नाहीशी होते. सल्फर डायऑक्साइड आयोडीनला इलेक्ट्रॉन देऊन सल्फ्युरिक आम्ल होतो, आयोडीनचे आयोडाइड होते. तो संपला की निळा रंग टिकतो. तिथेच ब्युरेट बंद. रेड वाईनमध्ये हा निळा ओळखणे अवघड, म्हणून पात्रामागे दिवा धरतात.

इलेक्ट्रॉन हिसकावण्यात हॅलोजनांमध्ये आयोडीन मागेच. ही ओढ दाखवणारे प्रमाण विभव पाहा: फ्लोरिन २.८७ व्होल्ट, क्लोरीन १.३६, ब्रोमीन १.०७, आयोडीन अवघे ०.५४. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीनचे पाणी टाकले की ते तपकिरी होते, कारण आयोडीन सुटे होते. उलट, पोटॅशियम क्लोराइडमध्ये आयोडीन टाकून काहीच घडत नाही. थायोसल्फेटचा एक आयन आयोडीनला एकच इलेक्ट्रॉन देऊन टेट्राथायोनेटपाशी थांबतो; क्लोरीन त्याच्याकडून आठ काढून घेतो आणि थेट सल्फेट करून सोडतो.

गंमत म्हणजे सुट्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर सर्वाधिक ऊर्जा क्लोरीन सोडतो, फ्लोरिन नव्हे. तरी पाण्यात बाजी फ्लोरिनची. त्याच्या रेणूतला बंध कमकुवत असतो आणि इवल्याशा फ्लोराइड आयनाला पाण्याचे रेणू घट्ट वेढतात, तेव्हा भरपूर ऊर्जा बाहेर पडते.

मग वाईन मोजायला क्लोरीन का नको? तो सल्फर डायऑक्साइडवर थांबणार नाही. अल्कोहोल, रंगद्रव्ये, पॉलिफेनॉल यांनाही गाठेल आणि आकडा भलताच येईल. आयोडीनही काही पॉलिफेनॉलांना धरतेच, म्हणून मोजणी झटपट उरकावी लागते.

गावच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हवीच, जंतू मारायला क्लोरीनची आक्रमकताच लागते. वायनरीच्या धुलाईत मात्र क्लोरीन टाळतात. लाकडातल्या वा बुचातल्या फेनॉलांशी त्याचा संयोग झाला की बुरशी त्यातून ट्रायक्लोरोअॅनिसोल बनवते. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही वाईनला कुबट वास आणायला पुरतात. ऑक्सिडक, म्हणजे इलेक्ट्रॉन हिसकावणारा पदार्थ, निवडताना ताकद किती यापेक्षा ती कुठे थांबते, हे आधी पाहावे लागते.