गार्सिनिया अर्क
वजन घटविण्यासाठी विकला जाणारा फळाच्या सालीचा अर्क. तो मलबारी चिंच (लॅ. गार्सिनिया गुम्मी-गुट्टा) या कोकमाच्याच प्रजातीतील वृक्षापासून मिळतो. केरळात फळाची वाळविलेली साल माशांच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. सालीतील हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल सायट्रेट लायेज या एंझाइमास रोधते व त्यामुळे वसाम्लांच्या निर्मितीस अडथळा येतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले.

माणसांवरील परिणामाची न्यूयॉर्क येथे झालेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अतिरिक्त वजनाच्या १३५ प्रौढांचे यदृच्छ रीतीने दोन गट पाडले. एका गटास रोज १,५०० मिग्रॅ. अम्ल असलेला अर्क, तर दुसऱ्यास निरौषध गोळ्या १२ आठवडे दिल्या. कोणास काय मिळते, हे घेणारे व तपासणारे दोघांनाही अज्ञात होते. दोन्ही गटांचा आहार कमी ऊर्जेचा व तंतुमय होता. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३·२ किग्रॅ., तर इतरांचे ४·१ किग्रॅ. घटले, हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर पहिल्या गटातील घटीचे श्रेय फळास मिळाले असते. पुढे असे अर्क घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृतास इजा झाल्याचेही आढळले.